नाकावरची नळी

जोशींनी माझी कशी अडवणूक केली, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. माझा नवरा श्रीकांत वारला तेव्हा त्याचं लष्करी हेलिकॉप्टरचं मॉडेल जोडून झालं होतं, फक्त रंग बाकी होता. तो मी दिला आणि जँडल्सच्या, म्हणजे रबरी चपलांच्या, खोक्यात घालून मॉडेल जॉन्सनव्हिलच्या प्रदर्शनात नेलं. परीक्षक होते त्याचेच मित्र जोशी. त्यांनी भिंग लावलं.

"वहिनी, पाटीवर 'ह्युई एच' लिहिलंय. ह्युई हेलिकॉप्टरच्या एच प्रकारात वेग मोजायची नळी छपरावर असते. ही नाकावर आहे. असं नाही मांडता येणार."

"मग?"

"नळी काढून वर चिकटवू. पाच मिनिटांचं काम."

"ती श्रीकांतने चिकटवली आहे. तिला हात लावायचा नाही."

"अहो, पण चूक आहे ती."

"नाकावर नळी कुठल्या मॉडेलला असते?"

"त्याच्या आधीच्या, डीला. बाकी दोन्ही दिसायला सारखीच."

मी त्यांच्याच खिशातलं पेन घेतलं, पाटीवरचं एच खोडलं आणि डी लिहिलं.

जोशींनी पेन परत घेऊन खिशाला लावलं. मग म्हणाले, "त्याला एचच करायचं होतं. भांडला असता तुमच्याशी."

"येऊ दे ना भांडायला," मी म्हटलं, आणि मॉडेल टेबलावर ठेवलं.