फोटोतला धाकटा भाऊ

परवा कडा गावात बबनच्या फोटो स्टुडिओत बसलो होतो, तेव्हाची गोष्ट. धाकट्या भावाशी बांधावरून भांडण झालं म्हणून नानांनी मुलीच्या लग्नाच्या फोटोतून त्याला पुसायला लावलं. बबननं पुसलं, अन् लगेच त्या भावाचाच फोन आला.

"दादा, मी आत्ता फोटोत व्हतो. कुठं गेलो?"

नाना बबनवर खेकसले, "त्याला कसं कळलं बे?"

"अल्बम क्लाउडवर हाय, नाना. तुमा दोघांकडं एकच दिसतो. इथं पुसलं की तिथं बी पुसतंय. याला सिंक म्हणत्यात. त्याचंच तर महिन्याला भाडं भरतो."

"मग असं कर, त्याच्याकडं तो राहू दे, माझ्याकडं नको."

"त्याला सिंक न्हाई, वाटणी म्हणत्यात," बबननं माझ्याकडं बोट केलं. "ते काम तहसीलातून रिटायर झालेल्या या भाऊसाहेबांना इचारा."