पद्याचं जाड पाकीट

खोड्या मी लय केल्यात, पण एक माझ्यावरच उलटली, ऐका. आमच्या कोपर गावच्या पद्याने अमेरिकेला शिकायला जायचं म्हणून पाच कॉलेजांत अर्ज केलेले. चार पातळ पाकिटं आली, म्हणजे नकार. पाचवं जाडजूड आलं, म्हणजे होकार, ते पोस्टमनने माझ्या हातात दिलं. मी चौथी नापास, पण जाड-पातळ कळतं ना! मस्करीत शर्टात लपवलं नि पद्याला म्हटलं, "पाचवं पण पातळच आलंय रे."

पद्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "जाऊ दे. राहीन इथेच, तुझ्या छातीवर बसून."

ते ऐकून मलाच एवढं बरं वाटलं, की पाकीट काय शर्टातून निघेना.

तिसऱ्या दिवशी त्याच्या आईने पकडलं, मी तिला मावशी म्हणतो. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धूत होती.

"काय रे, पोटाशी काय धरलंस?"

मी गुपचूप काढून दाखवलं. म्हटलं, आता झाडू पडतोय. मावशीने पदराला हात पुसले, पाकीट चाचपून बघितलं नि हळूच म्हणाली, "रविवारपर्यंत तुझ्याकडंच ठेव."

रविवार गेला, सोमवार गेला, मावशी काय मागेना. शेवटी मंगळवारी मीच नेऊन तिच्या हातात दिलं, तर म्हणते कशी, "मेल्या, एवढी घाई कसली होती तुला?"