दत्तूच्या लॉरीचे नवे पाटे

अरे, लॉरीच्या स्प्रिंगचे पाटे कडक असले की काय होतं ते मला विचार! संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. माझा मित्र दत्तू लॉरी चालवायचा. जास्त माल नेता यावा म्हणून त्याने मागच्या स्प्रिंगला जादा पाटे बसवले, आणि त्याच दुपारी लालबागला गोळीबार झाला. मांडीत गोळी लागलेल्या एका अनोळखी तरुणाला आम्ही लॉरीत घातलं. पण रिकामी लॉरी इतकी उडायची की तो प्रत्येक खड्ड्याला किंचाळायचा.

दत्तूने आमच्या चाळीपाशी गाडी थांबवली. "वजन पाहिजे! त्याशिवाय पाटे दबायचे नाहीत."

चाळीतल्या बाया भराभर चढल्या. जमावबंदी होती, नाक्यावरचा पोलीस ओरडला, "उतरा खाली!" एकही हलली नाही. पाटे दबले, लॉरी न उडता संथ निघाली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "याचं कोण आहे?"

शेजारची सखूमावशी म्हणाली, "लॉरीभर आहोत."