चित्र छान आहे, पण शेपूट कुठंय?

...आणि वर मलाच म्हणतात, ऑर्विल, तू आडमुठा आहेस! तुम्हाला सांगतो, आमच्या कॅनाटा गावात थंडीनं नाक गळून पडायची पाळी येते, त्याचं मला काही नाही, पण शुक्रवारच्या बैठकीत ऑफिसातल्या फर्गसनं भिंतभर रंगीत चित्र लावलं की डोकं तापतं. चित्र कसलं? तर सर्किट बोर्ड बनवायच्या आधीच त्यातून सिग्नल कसा पळेल ते दाखवणारं सॉफ्टवेअर. निळं म्हणजे झकास, लाल म्हणजे बोंबला. माउसनं फिरवा, उलटं करा, आत घुसा... सगळं निळंशार, आणि सगळे डोनट चावत माना डोलावतायत.

आमची साहेब लोरेन म्हणते, "सुंदर. ऑर्विल, सही कर, चारला कारखान्याला ऑर्डर जायचीय."

म्हटलं, चित्र छान आहे, सही करणार नाही.

का नाही? अहो, तीन वर्षांपूर्वी अशाच एका चित्राखाली केली होती, आणि अख्खा हिवाळा साठ बोर्डांची भोकं हातानं कोरत बसलो! म्हणजे बघा, सिग्नल वरच्या थरातून खाली न्यायला बोर्डाला भोक पाडून आतून तांबं चढवतात. सिग्नल मधल्याच थराला उतरतो, भोक मात्र तळापर्यंत जातं. ते खाली उरलेलं तांबं म्हणजे शेपूट. सिग्नल त्या बंद गल्लीत शिरतो, आपटतो, परत येऊन मागच्यांना धडकतो. ती कोरून काढायला हवी, आणि ऑर्डरीत त्याचा एक शब्द नाही.

"पण आकडे बघ ना," फर्गस म्हणतो, "किती गोड आलेत."

म्हटलं, बाबा रे, मला या भोकाच्या आत ने. नेलं. शेपूटच नाही!

"कुठं गेली रे?"

फर्गस कान खाजवायला लागला. "ते... 'बारीकसारीक भाग गाळा' अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण केली. नाहीतर गणित दोन दिवस चालतं."

घ्या. दुखणंच गाळलं, मग तब्येत ठणठणीत येणार नाही तर काय?

"पण गिऱ्हाइकाला चित्र आवडलंय," लोरेन म्हणाली, आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मी परत सरकवलं. तिनं पुन्हा सरकवलं. चार वाजले, साडेचार वाजले, डोनट संपले. चित्र छान आहे, सही करणार नाही. नोकरीवरून काढा म्हटलं, पण या खेपेला मी भोकं कोरणार नाही.

शेवटी फर्गसनं चौकटीवरची खूण पुसली. शनिवार-रविवार मशीन घोंगावत होतं, आणि सोमवारी भिंतीवर काय? लालभडक. ऑर्डरीत शेपटी कोरायचं लिहिलं, चित्र पुन्हा काढलं, बुधवारी निळं.

मी आपला टाय सारखा करून बसलो... आता कोणीतरी दोन शब्द बोलेल. लोरेन उठली. म्हणाली, "बघितलंत? म्हणून मी हे सॉफ्टवेअर घेतलं. केवढी मोठी चूक पकडली त्यानं."

टाळ्या. फर्गसनं तर उभं राहून वाजवल्या. आणि पेन आलं सरकत माझ्यासमोर.

म्हटलं, चित्र छान आहे... आणि केली सही.