गाद्यांचा दुसरा थर

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आमच्या बाई, पालक मंडळी आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलींनो,

मला दोन शब्द बोला म्हणाले. मी दोन शब्दांत थांबणारी नाही, हे ह्या हॉलला अठरा वर्षं माहीत आहे. शिक्षण चौथी, तेही रडतखडत. केर काढायचा आणि मुलींच्या कोलांट्यांसाठी गाद्या घालायच्या, हे माझं काम.

ह्या पोरींना कोलांट्या शिकवणाऱ्या आमच्या बाई आज निवृत्त होतायत. सगळ्यांनी त्यांचे गुण सांगितले. मी माझे अवगुण सांगते, त्याशिवाय बाईंचं कौतुक पुरं होत नाही.

सहा वर्षांपूर्वी मुलींची मनगटं दुखायला लागली, आठवतं? त्यात आमची धाकटीही होती. मी तिला म्हटलं, "नाटकं पुरे. मी बादल्या उचलते, माझं दुखतं का?" बाईंनी तिला स्पर्धेतून काढलं, तशी मी भांडायला गेले. घसा बसेपर्यंत भांडले.

बाई म्हणाल्या, "मावशी, ह्या गादीवर रांगत्यासारख्या बसा. बोटं पसरा. आता खांदे हातांच्या पुढे आणा."

"हे कशाला?"

"आणा तर."

दहा वेळा केलं. कळ थेट कोपरापर्यंत गेली.

"तुम्ही नुसत्या टेकलात," बाई म्हणाल्या. "पोरी उडी मारून हातांवर येतात." आणि त्यांनी गादी उचलली. खाली सरळ फरशी. गाद्यांचे दोन थर घालायचे असतात. त्या वर्षी मी एकच घालत होते, कंबर वाचावी म्हणून. माझी कंबर, पोरींची मनगटं. हुशारीच म्हणायची.

मग दोन थर आले. आधी मनगटं मोकळी करायची, हातांवरच्या उड्या एक दिवसाआड. दोन महिन्यांत दुखणं उतरलं, धाकटी परत कोलांट्या मारायला लागली.

पण पालकांच्या सभेत कुणीतरी विचारलं, गाद्या कमी कशा होत्या? बाई म्हणाल्या, "माझं लक्ष नव्हतं." मी दारात फडकं पिळत उभी. एरवी माझं तोंड मिटत नाही, त्या दिवशी उघडलं नाही. दोघांनी मुली काढून नेल्या. अजून कानावर येतं, बाई चांगल्या, पण जरा निष्काळजी.

निष्काळजी मी होते. हे बाईंच्या देखत सांगायचं होतं, उद्या त्या इथे नसतील.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. गाद्यांचं मात्र घालू नका. ते बाईंनी सहा वर्षं घातलं, तेवढं पुरे.