बुश आले नाहीत

– नाही आले. सांगितलं ना. मंगळवारच्या विमानानं बटाटे आले, बाळांचे लंगोट आले, दुकानाच्या मॅनेजरचा नवा सोफासुद्धा आला. आज्याच्या बर्फावरच्या गाडीचे बुश तेवढे नाही आले – मी काय करू, सर, विमान मी उडवतो का? आत या आधी. दार लोटा, सगळी ऊब चालली. आणि शाळेचं बोलायला आला असाल तर ते बाहेर बर्फातच ठेवा, तिथं नासायचं नाही. नाही? गाडीचंच विचारायला आलात? बरं. मग बसा त्या डब्यावर. पेट्रोलचा आहे, पण रिकामा आहे – सिगारेट पेटवू नका म्हणजे झालं.

बघायचंय काय झालंय ते? मग बसून कसं चालेल, या, गुडघे टेका इथं. ही डावी स्की धरा दोन्ही हातांनी – मी हँडल घट्ट धरतो, तुम्ही ती आडवी हलवा. हलवा की, मोडत नाही! हां. ऐकलंत? खट् खट्, खट् खट्. हँडल माझ्या हातात गच्च, आणि स्की तिकडं आपल्या मर्जीनं डुलतेय – आमच्या लेव्हीमामासारखी, मान हो हो म्हणून हलणार आणि पाय जाणार भलतीकडं. याला म्हणायचं प्ले आलाय. स्कीचा हा उभा दांडा ज्या नळीत फिरतो ना, तिच्या आत प्लास्टिकचा बुश असतो, अंगठीपेक्षा थोडा मोठा, बस. नवा असतो तेव्हा दांडा त्यात नुसता बसतो, आवाज नाही, काही नाही. मग ओल शिरते, रेती शिरते, ग्रीस घालायचं कुणाला सुचत नाही, आणि गोल भोकाचं होतं अंडं. मग हँडल सरळ धरलं तरी गाडी डावीकडं ओढते, खड्ड्यात गेली की स्की एकदम फिरते, हाताला हिसका बसतो. एवढ्याशा प्लास्टिकपायी! तुम्ही वर्गात जगाचा सगळा इतिहास शिकवलात आम्हाला, सर, त्यात एकदा तरी बुश आला का? म्हणून सोडली शाळा. – नाही, म्हणून नाही सोडली. पण म्हणायला बरं.

– काय? नको! चहा नको! सर आलेत!

आजा होता. घरातनं ओरडतोय. हो, मलाच म्हणाला. 'बाबा.' हसू नका, दोन हिवाळे काढलेत इथं, एवढं तरी ठाऊक पाहिजे. त्याचा बाप गेला आणि त्याच हिवाळ्यात मी झालो, तर त्याचं नाव मला दिलं – उलायुक. नाव आलं म्हणजे माणूस आला, असं आमच्यात. म्हणजे मी त्याचा बाप. मला अहोजाहो करतो, सीलच्या मटणाचा पहिला तुकडा माझ्या ताटात. मी एवढासा होतो तेव्हा मला समोर बसवून तक्रार सांगायचा – 'बाबा, तुम्ही मला माझे स्वतःचे कुत्रे कधी दिले नाहीत, सगळे थोरल्याला दिलेत.' मी काय बोलणार? मी शेंबूड पुसत होतो. मी शाळा सोडली तेव्हा आई रडली, लेव्हीमामानं भाषण दिलं, आणि आजा म्हणाला, 'बाबांना वाटलं, बाबांनी केलं.' झालं. विषय संपला. रीतीप्रमाणं मी उलट त्याला 'पोरा' म्हणायला हवं. त्याचा बाप तसंच म्हणायचा म्हणे, नुसतं 'पोरा', आणि हा पळत असला तरी जागच्या जागी थांबायचा. सगळ्या गावात याला थांबवणारा तेवढा एकच माणूस होता. मी नाही म्हणत. केस पिकलेल्या माणसाला पोरा काय म्हणायचं? वर्गात पोरं खिदळायची. असो.

तर शाळेची शनिवारची सहल पुढं ढकला, माझं ऐका. का म्हणजे? म्होरक्याला, म्हणजे आज्याला, गाडी नाही म्हणून. पोरं आनंदात आहेत ते कळतंय मला, माझी बहीण आहे त्यात – मीका, पुढच्या बाकावरची, बडबडी. तिची पिशवी भरून तयार आहे, चॉकलेटच चॉकलेट, मोजा एक नाही. खाडी ओलांडून तळ्यावर जायचं, आज्यानं बर्फ कसा ओळखायचा ते शिकवायचं, बर्फाला भोक पाडून मासे धरायचे – चांगलं आहे, कोण वाईट म्हणतंय. पण गाडी नाही तर नाही. जूनमध्ये – हां, जूनमध्ये पाणी होईल सगळं, खरंय. मग पुढच्या वर्षी.

– कुठली? शाळेची? शाळेची गाडी देताय तुम्ही आज्याला? नको. – नको म्हटलं ना एकदा. नवी आहे, माहितेय, तिचे बुश ठणठणीत आहेत, म्हणूनच नको! – म्हणजे काय म्हणजे? म्हणजे – त्याला दुसऱ्याची गाडी जमत नाही, सवय नसते, वजन वेगळं, ब्रेक वेगळा – फार उकडतंय इथं, तो स्टोव्ह बारीक करा जरा, हे जाकीट काढतो मी –

काय पडलं? राहू द्या. मी उचलतो – राहू द्या म्हणतोय ना, सर!

पुडीवरचं वाचलंत. बरं. मग वाचा मोठ्यानं. डावा, उजवा, वरचा, खालचा, सगळे आहेत. हो, आलेत. केव्हाच आलेत. पार्सल माझ्या नावानं येतं, पोस्टात मीच जातो, कुणाला काय कळतंय. आजा दर मंगळवारी विमानाचा आवाज आला की टोपी घालून दारात उभा राहतो, मी परत आलो की म्हणतो, 'आलं का काही, बाबा?' आणि मी म्हणतो – नाही. खिशात पुडी घेऊन. तुम्ही असे बघू नका माझ्याकडं. चोरी नाही केली मी. चोरी कशाला म्हणतात ते मला तुमच्याकडून –

त्याला दिसत नाही.

घ्या. सांगितलं. आता बसा परत डब्यावर, लगेच उठू नका. दिसत नाही म्हणजे अगदी अंधार नाही – दूध घातल्यासारखं दिसत असणार. मोतीबिंदू. डोळ्यात बघा कधी त्याच्या जवळून, तळ्यावर पहिला बर्फ धरतो ना तसं दिसतं. आयुष्यभर त्या चकाकत्या बर्फावर हिंडला, काळा चष्मा घालायचा म्हणजे तरण्यांचं नाटक! चहा ओततो तर कपाच्या काठावर बोट ठेवून, भरला की बोटाला चटका, तेव्हा थांबतो. मीकाला मीका म्हणतो ती बोलल्यावर. वर्षातनं एकदा डोळ्यांचा डॉक्टर येतो विमानानं, तर नेमका त्याच दिवशी आज्याला सीलच्या शिकारीची आठवण होते.

आणि तुम्ही – तुम्ही शाळेच्या सभेत उभं राहून काय म्हणाला होता? मला मीकानं सांगितलं. 'आजोबांची शिकवण्याची पद्धत बघा, ते उत्तर देत नाहीत, मुलांनाच प्रश्न विचारतात.' टाळ्या पडल्या म्हणे. अहो, ती पद्धत नाहीये! 'सांग बरं, तिकडं बर्फाचा रंग कसा आहे?' – तो परीक्षा घेत नाही, सर, तो विचारतोय. त्याला खरंच ठाऊक नाही. मलासुद्धा उशिरा कळलं. लहानपणापासून विचारायचा, तेव्हा खरंच परीक्षा असायची, चुकलो की हसायचा. आता चुकलो तरी हसत नाही. मी मुद्दाम एकदा चुकीचं सांगितलं, पांढऱ्याला करडा म्हटलं, तर 'बरोबर' म्हणाला आणि गाडी वळवली.

मग ते टोकाजवळचं – खाडीत घुसलेलं जमिनीचं टोक, तळ्याच्या वाटेवरचं. सील घेऊन येत होतो, मी मागं स्लेजवर. टोकाजवळ खालून प्रवाह केवढा जोरात आहे – वरनं पांढराशुभ्र आणि खालनं कुरतडलेला बर्फ, ऊन तापू लागलं की तिथं कुत्रंसुद्धा पाय टाकत नाही. हा सरळ तिकडंच. मी ओरडलो, इंजिनापुढं काय ऐकू येतंय, शेवटी उडी मारून बाजूनं पळत जाऊन हँडल ओढलं. डाव्या स्कीचं टोक ओलं झालं होतं. ओलं! तो उतरला, स्कीला लाथ मारली आणि म्हणाला, 'हँडल डावीकडं ओढतंय.' मी हलवून बघितलं तर खट् खट् – बुश गेलेलेच होते. खोटं नव्हतं ते. पण त्या बुशमुळं नव्हता गेला तो तिकडं. संध्याकाळी गावभर झालं – म्हाताऱ्याच्या गाडीचे बुश गेलेत, बुश आले की होईल ठीक. आई म्हणाली बुश. लेव्हीमामा म्हणाला बुश – तो लेव्हीमामा, जो हरवलेल्यांना शोधायच्या पथकाचा मुख्य आहे, ज्यानं आज्याला दुकानात दाराऐवजी काचेवर आपटताना बघितलंय! तोही म्हणाला, 'बुश मागव.' मी मागवले. आले. आणि मग माझ्या डोक्यात आलं की हे बसवले तर याला घरी ठेवायला काही उरणारच नाही.

सांगायचं कुणी? तुम्हाला वाटतं सोपं आहे. तुमच्या न्यूफाउंडलंडात आज्याला म्हणत असाल, ए म्हाताऱ्या, बस घरात. आमच्यात कुणी कुणाला 'हे करू नको' म्हणत नाही. जो तो आपल्या अकलेचा धनी. थोरल्याला तर नाहीच नाही. त्याला आपोआप उमजेल म्हणतात, वाट बघा म्हणतात. आदर म्हणतात! सगळे म्हातारे गावच्या समितीत बसून बिस्किटं खातात आणि एकमेकांचे डोळे झाकतात, कारण आज याला घरी बसवलं तर उद्या त्यांची पाळी. मी याला आदर नाही म्हणत, सर. मी याला भीती म्हणतो. त्यांच्या आदरापायी ती पोरं त्या टोकावरनं रांगेनं जाणार, पुढं आजा, मागं मीका, आणि सगळे त्याच्याच खुणेवर पाय टाकणार – तो चुकत नसतो म्हणून!

आणि मी फार शहाणा, नाही का. पुडी खिशात घातली म्हणजे काम झालं. हे बघा. आज सकाळी मला दिलंय त्यानं. कॅरिबू हरणाचं शिंग आहे. बुश येत नाहीत म्हणून स्वतः कोरत बसला होता, दार लावून. 'बाबा, हे बसवून बघा.' या माणसानं शिंगातून सुया कोरल्यात, सर, भाल्याची टोकं कोरलीत, आईच्या लग्नात दिलेली ती अस्वलाची जोडी – नखं मोजता येतात तिची. आता हे बघा. उजेडात धरा. भोक कुठं आहे? मधोमध आहे? ही बाजू बोटाएवढी जाड आणि ही बाजू – नखानं दाबा, वाकते. वाकडं पाडलंय भोक. त्याला कळलंसुद्धा नाही. कसा हसत होता देताना. हे बसवलं तर पहिल्या आपट्याला फुटेल आणि स्की आडवी. प्लास्टिकवाला निदान डुलतो तरी. मी ते घेतलं आणि म्हटलं, 'छान झालंय.' मीसुद्धा! सगळ्यांना भित्रे म्हणणारा मी – छान झालंय म्हणालो.

तुम्ही सांगाल त्याला? तुम्ही सांगितलं तर तो हसून मान हलवेल आणि तुमच्याआधी टोकावर पोचेल. तुम्ही परके. आई त्याची मुलगी, लेव्हीमामा मुलगा, त्यांच्या तोंडून निघणार नाही. मग उरलं कोण?

– मी? मी कोण त्याला सांगणारा? शाळा सोडलेला, आईच्या घरात झोपणारा –

थांबा. हा कसला आवाज?

ही आज्याची गाडी नाही, ती तर इथं सुटी पडलीय. ही नवी आहे. सर, तुम्ही चालत आलात ना? – शाळेची घेऊन आलात? चावी कुठाय? गाडीतच! आणि आज्याला – इथं यायच्या आधी? दारातच सांगून आलात? 'घेऊन जा, तळ्याचा रस्ता तपासून या' म्हणालात? अहो, मग मघापासून बोलला का नाहीत! मी इथं काय बडबडतोय, आणि तुम्ही –

सरका. दारातनं सरका! – आजा! आजा, थांब! – मीका, धर त्याला! – नाही ऐकत. स्लेजसुद्धा जोडलीय. तोंड टोकाकडं केलंय – आजा!

पोरा!

पोरा. बंद कर ती.

– बंद केली. आवाज नाही ना येत कसला? बंद केली त्यानं. उतरलाय. बघतोय इकडं. माझ्याकडं नाही – माझ्या जरा बाजूला बघतोय, त्या खांबाकडं, मीच समजून.

ते शिंग द्या इकडं. आणि ती पुडी. चावी मी मीकाकडून पाठवतो तुमची. तुम्ही जा, सर. मागच्या दारानं जा. हे बापलेकांचं आहे.