टिश्यू नव्हे, विरजण

सनीव्हेलच्या क्लिनिकमध्ये रेणू आपलं नाव पुकारायची वाट बघत बसली होती. मागच्या खुर्च्यांवरून एका मायलेकांचं मराठी कानावर आलं आणि तिने हातातला फोन हळूच पालथा ठेवला.

“आई, प्लीज, डॉक्टरसमोर विरजण म्हणू नकोस. वृषणाचा टिश्यू म्हण.”

“केमोच्या आधी तुझा एवढासा तुकडा काढून फ्रीजरमध्ये ठेवला, आज परत लावणार. मग विरजणच की!”

“मी सात वर्षांचा होतो गं. इतक्या वर्षांनी लागेल?”

“लागेल. फक्त सारखं हलवून बघायचं नाही.”

“आणि नाहीच झालं मूल, तर निधीला काय सांगू?”

“अरे, तुझी बायकोच काल मला म्हणाली, ‘नाही लागलं तर शेजारून आणू, आई. विरजण कुणाचंही असलं तरी दही आपल्याच घरचं.’”